मॅकिन्टॉशचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याचा छंद मनुष्यजातीस फार पुरातन काळापासून आहे. नाणीं, हस्तलिखितें, शस्त्रें, वाद्यें आणि घड्याळें यांचे संग्राहक प्रत्येक सुसंस्कृत देशांत आढळतात. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ह्या परंपरेंत जुन्या संगणकांच्या संग्राहकाची भर पडली आहे. वरवर पाहतां हा संग्राहकहि इतरांसारखाच दिसतो. परंतु त्याची अडचण निराळी आहे. तांब्याचें नाणें डबींत घालून ठेविलें तर तें शंभर वर्षांनीं जवळजवळ तसेंच हातीं येतें. संगणक नुसता कपाटांत ठेविला तर, वाळवी लागलेल्या दप्तराप्रमाणें, तो बाहेरून शाबूत आणि आंतून पोखरलेला होतो. सबब जुन्या संगणकाच्या संग्राहकाला दुरुस्तीची विद्या पदरीं बाळगावीच लागते. ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉश यंत्राच्या बाबतींत ह्या गोष्टीला विशेष अर्थ आहे. कारण हें यंत्र ग्राहकानें कधींहि उघडूं नये अशाच योजनेनें बांधलें गेलें होतें.

ह्या यंत्राची मूळ कल्पना जेफ रास्किन ह्यांची. १९७९ सालीं त्यांनीं असा विचार मांडला कीं, यंत्रशास्त्राचा गंधहि नसलेल्या माणसाला घरांत सहज वापरतां येईल असा स्वस्त संगणक करावा. स्वतःच्या आवडत्या सफरचंदाच्या जातीचें नांव, वर्णांत किंचित् फेर करून, त्यांनीं ह्या योजनेस दिलें. पुढें १९८१ मध्यें योजनेचीं सूत्रें स्टीव्ह जॉब्स ह्यांच्या हातीं गेलीं, आणि २४ जानेवारी १९८४ रोजीं कॅलिफोर्नियांतील क्युपर्टिनो येथें डी आन्झा कॉलेजच्या फ्लिंट सभागृहांत मॅकिन्टॉशचें पहिलें दर्शन लोकांस घडलें. किंमत २,४९५ डॉलर. आंत मोटोरोला कंपनीचा ६८००० हा प्रोसेसर, १२८ किलोबाइट स्मृति, नऊ इंची काळापांढरा पडदा आणि सोनी कंपनीच्या साडेतीन इंची फ्लॉपीसाठीं एक खांच. त्या फ्लॉपीवर ४०० किलोबाइट मजकूर मावे. आजच्या खिशांतील टेलिफोनाशीं तुलना केली तर हे आंकडे हास्यास्पद वाटतील. परंतु आज्ञा टंकून देण्याऐवजीं पडद्यावरील चित्राकडे माऊसनें बोट दाखवावें आणि काम व्हावें, ही सोय एवढ्या किंमतींत सामान्य गिऱ्हाइकास त्यापूर्वीं क्वचितच मिळाली होती. बिल ॲटकिन्सन ह्यांनीं रचलेला मॅकपेंट हा चित्रें काढण्याचा प्रोग्राम आणि सुझन केअर ह्यांनीं ठिपका-ठिपका मांडून काढलेलीं चिन्हें ह्यांमुळें त्या लहानशा पडद्याला एक प्रकारचें व्यक्तित्व प्राप्त झालें.

ही पेटी मात्र बंद होती. ॲपलच्याच ॲपल-२ ह्या आधींच्या संगणकाचें झांकण हातानें उचलतां येई, आणि आंत जादा बोर्ड बसविण्यासाठीं आठ खांचा होत्या. मॅकिन्टॉशमध्यें अशी एकहि खांच नव्हती. पेटी बंद करणाऱ्या स्क्रूंपैकीं दोन स्क्रू वरच्या मुठीच्या खोबणींत इतके खोल होते कीं साधा स्क्रू-ड्रायव्हर तेथपर्यंत पोंचत नसे. शिवाय त्यांच्या माथ्यावर सरळ चीर नसून सहा टोकांच्या ताऱ्यासारखा खळगा होता, आणि त्यासाठीं लांब दांड्याचें खास हत्यार लागे. गंमत अशी कीं, पेटीच्या मागील भागाच्या आंतल्या अंगावर यंत्र घडविणाऱ्या मंडळींच्या सह्या सांच्यांतूनच उमटविलेल्या होत्या. १९८२ सालीं त्यांनीं एका कागदावर सह्या केल्या आणि त्यावरून ती नक्षी सांच्यांत कोरण्यांत आली. कलावंतानें आपल्या कृतीवर सही करावी ह्या भावनेनें हें झालें. परंतु जी पेटी कोणी उघडूंच नये तिच्या आंत सही करणें, म्हणजे ती कधींतरी उघडली जाईल अशी मनोमन आशा बाळगणेंच नव्हे काय?

बंद पेटीचा दुसरा परिणाम उष्णतेचा. यंत्राचा आवाज होऊं नये असा जॉब्स ह्यांचा आग्रह असल्यामुळें आंत पंखा बसविला नव्हता. तापलेली हवा वरच्या फटींतून आपोआप निघून जावी अशी योजना होती. ती कांहीं काळ निभावली. परंतु वीजपुरवठा आणि पिक्चर ट्यूब ज्या बोर्डावर चालतात त्या बोर्डावरील भागांना वर्षानुवर्षें शेक बसत राहिला. तापणें आणि निवणें ह्या नित्याच्या फेऱ्यांनीं तेथील डाखाच्या सांध्यांना केसासारख्या चिरा पडत. मग एके दिवशीं पडद्यावरील सगळें चित्र आक्रसून त्याची एक उभी रेघ होई. पेटीच्या डाव्या अंगावर थाप मारली कीं चित्र पुन्हां येई, आणि थोड्या वेळानें पुन्हां जाई. ज्यांच्या घरीं हें यंत्र होतें त्यांच्यापैकीं पुष्कळांस ही थाप चांगलीच परिचयाची होती. लहान पेटीच्या मॅकिन्टॉशला पंखा मिळाला तो १९८७ सालच्या एस.ई. ह्या नमुन्यांत, तोंपर्यंत पेटीच्या माथ्यावर ठेवावयाचे पंखे दुसऱ्या कारखानदारांनीं बाजारांत आणिले होते.

पेटी उघडण्याचे पहिले प्रयत्न मात्र दुरुस्तीपेक्षां स्मृतीची टंचाई दूर करण्यासाठीं झाले. १२८ किलोबाइट अपुरे पडतात हें थोड्याच महिन्यांत सर्वांस कळून चुकलें. एका फ्लॉपीची नक्कल करावयाची तर दोन फ्लॉप्या आळीपाळीनें अनेकदां घालाव्या आणि काढाव्या लागत. कंपनीनें सप्टेंबर १९८४ मध्यें ५१२ किलोबाइटचें यंत्र ३,१९५ डॉलरांस विक्रीला काढलें. परंतु मुख्य बोर्डाचे रचनाकार बरेल स्मिथ ह्यांनीं पहिल्याच बोर्डाच्या आखणींत मोठ्या चिपांची सोय दूरदृष्टीनें करून ठेविली होती. जुन्या सोळा चिपा काढून त्यांच्या जागीं चौपट क्षमतेच्या सोळा चिपा बसवाव्या, जोडणींत थोडा फेरबदल करावा, कीं पहिलें यंत्र दुसऱ्याच्या पंक्तीला बसे. जानेवारी १९८५ मध्यें डॉक्टर डॉब्ज जर्नल ह्या अमेरिकन मासिकानें ही कृति सविस्तर छापली. यंत्राचा मालक आणि यंत्राचा वापर करणारा ह्या दोन नात्यांत जें अंतर निर्मात्यांनीं ठेविलें होतें, तें येथें प्रथम मोडलें.

१९८४ सालींच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारांत बर्कली मॅकिन्टॉश यूझर्स ग्रुप ही मंडळी उदयास आली. सभा भरवाव्या, एकमेकांच्या शंका सोडवाव्या, विनामूल्य प्रोग्रामांच्या फ्लॉप्या वांटाव्या, असें तिचें कार्य सोळा वर्षें चाललें. दुरुस्तीच्या धंद्यांत त्या काळीं निराळीच रीत होती. बिघाड झाला कीं विक्रेत्यानें संपूर्ण बोर्ड बदलावा, जुना कंपनीकडे धाडावा आणि गिऱ्हाइकानें बोर्डाचे पैसे मोजावे. लॅरी पिना ह्यांनीं १९९० सालीं एक पुस्तक लिहून ह्या रीतीस उत्तर दिलें. पडद्यावर कोणतें लक्षण दिसलें असतां कोणता भाग संशयास्पद समजावा आणि तेवढाच कसा बदलावा, हें त्यांनीं सामान्य वाचकास समजेल असें सांगितलें. १९९२ मध्यें त्यांचें 'द डेड मॅक स्क्रोल्स' हें पुस्तक निघालें. त्यांत निरनिराळ्या नमुन्यांच्या रोगांचीं लक्षणें आणि उपचार क्रमवार दिलेले आहेत. वैद्यानें अवयव न कापतां व्याधि शोधावी, तसाच हा मार्ग होता. पुढील पिढीच्या छंदिकांचा तो आधारग्रंथच ठरला.

ह्या मुदतींत नवीं यंत्रें वेगानें येत होतीं. जानेवारी १९८६ मध्यें आलेलें मॅकिन्टॉश प्लस १९९० पर्यंत विकलें गेलें. १९८९ च्या जानेवारींत एस.ई./३० हें यंत्र आलें. त्याच जुन्या लहान पेटींत १२८ मेगाबाइटपर्यंत स्मृति सामावण्याची त्याची योग्यता असल्यामुळें संग्राहकांत आज त्याला विशेष मान आहे. ऑक्टोबर १९९० मध्यें मॅकिन्टॉश क्लासिक ९९९ डॉलरांस मिळूं लागलें. १९९४ सालीं कंपनीनें ६८००० च्या घराण्याकडे पाठ फिरवून पॉवरपीसी प्रोसेसर स्वीकारला, आणि १९९८ च्या आयमॅकमध्यें फ्लॉपीची खांचहि उरली नाहीं. जें यंत्र एकेकाळीं दिवाणखान्यांत मानानें बसे, तें तळघरांत, शाळांच्या अडगळींत आणि रस्त्याच्या कडेला दिसूं लागलें.

निर्मात्यांची जुन्या मालाकडे पाहण्याची दृष्टि कशी असते ह्याचें एक उदाहरण प्रसिद्धच आहे. मॅकिन्टॉशची थोरली बहीण म्हणावी अशी लिसा ही १९८३ सालीं ९,९९५ डॉलरांस विक्रीला आली आणि बाजारांत आपटली. १९८५ मध्यें तिला मॅकिन्टॉश एक्स.एल. असें नांव देऊनहि तिचें नशीब उघडलें नाहीं. अखेर सप्टेंबर १९८९ मध्यें यूटा संस्थानांतील लोगन गांवच्या कचराभूमींत सुमारें २,७०० लिसा यंत्रें पुरून टाकण्यांत आलीं. करांत सूट मिळविण्याच्या दृष्टीनें तें फायद्याचें होतें. व्यापाराच्या हिशेबांत ह्यांत चूक काढतां येणार नाहीं. परंतु आज शाबूत लिसा फार थोड्या उरल्या आहेत आणि एकेकीसाठीं संग्राहक मोठी रक्कम मोजतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हिशेबाची मुदत किती धरावी हा प्रश्न उभा राहतो.

आतां जुनें मॅकिन्टॉश हातीं आल्यावर जाणता संग्राहक काय करतो तें पाहण्यासारखें आहे. तो तें लगेच सुरू करून पाहत नाहीं, आधीं उघडतो. उघडतांना पहिलें भय पिक्चर ट्यूबचें. तिच्यांत हजारों व्होल्टांचा भार सांचलेला असूं शकतो, म्हणून तारेनें जमिनीशीं जोडलेल्या हत्यारानें तो प्रथम उतरवावा लागतो. ट्यूबची मान बारीक कांचेची असते. तिला धक्का लागून चीर गेली तर आंत हवा शिरते आणि ट्यूब कायमची निकामी होते. दुसरें काम बॅटरी काढण्याचें. घड्याळ चालू राहावें म्हणून एस.ई./३० किंवा क्लासिक ह्यांसारख्या यंत्रांत ३.६ व्होल्टांची लहान लिथियम बॅटरी असते. ती वर्षानुवर्षें तशीच राहिली तर फुटते, आणि तिच्यांतील द्रव्य बोर्डच नव्हे तर भोंवतालचें पत्र्याचें आवरणहि खाऊन टाकतें. संग्राहकांना मिळणाऱ्या कित्येक यंत्रांत, बाहेरून धूळहि नसतां, आंत केवळ गंजाचा चिखल सांपडतो.

तिसरी व्याधि कपॅसिटरांची. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे लहान ॲल्युमिनियमचे कपॅसिटर प्रचारांत आले. त्यांच्या बुडाशीं असलेलें रबर कालांतरानें सैल पडतें आणि आंतील विद्युद्द्रव बोर्डावर पाझरतो. तो वीज वाहून नेतो आणि तांब्याच्या बारीक वाटाहि कुरतडतो. एस.ई./३० हें यंत्र अशा वेळीं पडद्यावर नुसते पट्टे दाखवितें. जपानी भाषेंतील 'पट्टेरी' ह्या अर्थाच्या शब्दावरून ह्या अवस्थेस 'सिमासिमॅक' असें विनोदी नांव पडलें आहे. उपाय असा कीं, जुने कपॅसिटर काढावे, बोर्ड धुवून आयसोप्रोपिल अल्कोहोलनें स्वच्छ करावा, तुटलेल्या वाटा बारीक तारेनें जोडाव्या आणि नवे कपॅसिटर डाखून बसवावे. १९८४ च्या मुख्य बोर्डावर हे कपॅसिटर नव्हते, त्यामुळें ह्या बाबतींत थोरलें भावंड धाकट्यांपेक्षां निरोगी राहिलें आहे. स्मृतीची चिप बिघडली तर तें जुनें यंत्र पडद्यावर दुःखी चेहऱ्याचें लहानसें चिन्ह आणि त्याखालीं एक संकेतांक दाखवितें. तो जाणकारानें उलगडला तर दोष कोणत्या चिपेंत आहे हेंहि कळतें.

फ्लॉपी आंत ओढणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या यंत्रणेचें वंगण कालांतरानें मेणासारखें घट्ट होतें. अशा स्थितींत फ्लॉपी बळानें ओढली तर वाचक-शीर्षच उपटून येतें. पुढील काळच्या यंत्रणांतील प्लॅस्टिकचें एक चिमुकलें दांतेरी चक्र हात लावतांच भुगा होतें. त्याच्या जागीं छंदिक मंडळी नवीं चक्रें घडवून बसवितात. पेटीचें प्लॅस्टिक पिवळें पडतें तें वेगळ्या कारणानें. आग लागूं नये म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त द्रव्यें मिसळलेलीं असत, आणि प्रकाशांतील अतिनील किरणांनीं तें पालटतें. २००८ च्या सुमारास छंदिकांनीं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्यानें मूळ रंग परत आणण्याची युक्ति शोधली. मात्र कांहीं वर्षांनीं पिवळेपणा पुन्हां डोकावतो असा अनेकांचा अनुभव असल्यामुळें, तो वयाचा रंग समजून तसाच ठेवणारेहि आहेत.

येथें संग्राहकांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो कीं, मूळ भाग बदलले म्हणजे यंत्र मूळचें राहिलें नाहीं. दुसरा पक्ष विचारतो कीं, सुरू न होणारा संगणक हा संगणक कसला? दुसऱ्या पक्षाची मजल बरीच पुढें गेली आहे. जुन्या हार्ड डिस्क अडकून बसतात, म्हणून मेमरी-कार्डावर चालणारे लहान बोर्ड त्यांच्या जागीं बसविले जातात, आणि यंत्राला त्यांतील फरक कळत नाहीं. सोनीनें २०११ मध्यें जपानांत साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री बंद केली. फ्लॉपीचें सोंग आणणारीं उपकरणेंहि आतां मिळतात. एस.ई./३० चा बोर्ड पार कुजला असल्यास, मूळ आराखडा मापून नव्यानें छापलेल्या बोर्डावर जुन्या चिपा चढविणारेहि छंदिक आहेत. देवळाचा जीर्णोद्धार करतांना खांब बदलतात, पण गाभाऱ्यांतील पूजा खंडित होऊं देत नाहींत; तसाच हा विचार म्हणावा लागेल.

हें सर्व कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. जुन्या मॅकिन्टॉशचे प्रोग्राम नव्या संगणकावर नकली यंत्र निर्माण करून चालवितां येतात. २०१७ मध्यें इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेनें ते घरबसल्या पाहण्याची सोयहि केली. तरीहि खऱ्या यंत्राची गरज संपत नाहीं. मॅकिन्टॉशच्या ४०० आणि ८०० किलोबाइटच्या फ्लॉप्या फिरण्याचा वेग, शीर्ष मध्याकडे सरकेल तसा, बदलत असे. त्यामुळें इतर संगणकांच्या साध्या फ्लॉपी-यंत्रणेला त्या वाचतां येत नाहींत. त्यांवर लेखकांचीं हस्तलिखितें, संशोधकांचीं टिपणें आणि मासिकांचीं जुळविलेलीं पानें आहेत. मराठी वाचकास ही अडचण दूरची वाटण्याचें कारण नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं संगणकावरील देवनागरी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत जुळविला जाई. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. मूळ फॉन्ट हाताशीं नसेल तर असा मजकूर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपानें उमटतो. कागद टिकला, पण लिपि वाचणारा उरला नाहीं, अशीच ही अवस्था होय. जुना संगणक दुरुस्त करणारा मनुष्य एका अर्थीं तो वाचणारा जिवंत ठेवतो.

ह्या कार्याची किंमत संस्थांनाहि हळूहळू उमगली आहे. ॲपलनें आपलीं ऐतिहासिक कागदपत्रें १९९७ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिलीं. २०१० सालीं माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियमनें, कंपनीच्या संमतीनें, मॅकपेंटची मूळ संहिता सर्वांसाठीं खुली केली. तथापि पुष्कळसा शोध अजूनहि हौशी माणसांच्या हातूनच लागतो. २०१२ मध्यें न्यूयॉर्कच्या कांहीं छंदिकांनीं रस्त्यावर टाकून दिलेल्या एका मॅकिन्टॉश एस.ई. च्या चिपा वाचल्या, तेव्हां त्यांत त्या यंत्राच्या निर्मात्यांचीं छायाचित्रें दडविलेलीं दिसलीं. पेटीच्या आंतल्या सह्यांसारखीच ही खूण. तीहि उघडणाऱ्यालाच सांपडली. त्याच शहरांत १९८७ पासून मॅकिन्टॉशची दुरुस्ती करणारें टेकसर्व्ह हें दुकान २०१६ सालीं बंद झालें. दुरुस्तीच्या धंद्यांत जमलेला त्याचा जुन्या यंत्रांचा संग्रह लिलांवांत ४७,००० डॉलरांस गेला, आणि तो युक्रेनची राजधानी कीव्ह येथील एका सॉफ्टवेअर कंपनीनें घेऊन लोकांस पाहावयास ठेविला.

जुन्या मॅकिन्टॉशचें घड्याळ १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजीत आलें आहे, आणि त्या मोजणीची जागा ६ फेब्रुवारी २०४० रोजीं पुरी भरेल. त्या दिवशीं किती यंत्रें तो हिशेब चुकण्याइतकीं जिवंत असतील, हें आज कपाटांत पडलेल्या यंत्रांकडे कोण लक्ष देतो ह्यावर अवलंबून आहे. त्यासाठीं प्रत्येकानें कुशल कारागीर व्हावें असें नाहीं. एखाद्या घरीं जुनें यंत्र असेल, तर तें विकण्यापूर्वीं, टाकण्यापूर्वीं किंवा आठवण म्हणून जपण्यापूर्वींहि जाणत्या माणसाकडून एकदां उघडवावें आणि आंतली बॅटरी काढून घ्यावी. एवढें केलें तरी पुढच्या पिढीच्या दुरुस्ती करणाऱ्याला हातांत धरण्याजोगें कांहीं शिल्लक राहील.